चर्चा धागा: नियोक्त्याच्या डॉक्टरने ‘कायमस्वरूपी अपात्र’ लिहिले, ते मान्य का करावे?

सम्राट चौक (धागाकर्ता)

माझा मावसभाऊ सोलापुरातील एका निमसरकारी आस्थापनेत भांडारपाल आहे. त्याला बायपोलर म्हणजे द्विध्रुवीय मनोविकार आहे आणि अनेक वर्षांपासून तो लिथियम या औषधावर स्थिर होता. गेल्या हिवाळ्यात लागोपाठ रात्रपाळ्या लागल्या, झोप मोडली आणि उन्मादाचा झटका आला. त्या अवस्थेत त्याने मागणीपत्राशिवाय काही साहित्य भांडारातून बाहेर दिले. हे खरे आहे आणि घरातील कोणीही ते नाकारत नाही. साहित्य नंतर परत जमा झाले. वैद्यकीय रजा संपल्यावर त्याच्या मनोविकारतज्ज्ञांनी ‘कामावर रुजू होण्यास योग्य’ असे प्रमाणपत्र दिले. कार्यालयाने ते बाजूला ठेवून त्याला आपल्या पॅनेलवरील डॉक्टरांकडे पाठवले. हे डॉक्टर मनोविकारतज्ज्ञ नव्हेत. त्यांनी रक्तदाब पाहिला, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारले आणि लिहिले : ‘मानसिक आजार असल्याने जबाबदारीच्या कोणत्याही कामास कायमस्वरूपी अपात्र.’ आता त्याने स्वतःहून रुग्णता निवृत्तिवेतनासाठी (आजारपणामुळे मुदतीआधी निवृत्त होणाऱ्याला मिळणाऱ्या निवृत्तिवेतनासाठी) अर्ज करावा, असे त्याला तोंडी सुचवले जात आहे.

माझा आक्षेप तपासणीला नाही, तपासणीत विचारलेल्या प्रश्नाला आहे. हा माणूस आजारी आहे का, याचे उत्तर तर आम्हीच देत होतो. भांडारपालाच्या कामातील कोणता भाग त्याला जमतो, कोणता जमत नाही आणि कोणता बदल केला तर जमेल, हा खरा प्रश्न होता. तो डॉक्टरांना कार्यालयाने विचारलेला नाही आणि डॉक्टरांनीही स्वतःहून विचारला नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चे कलम ३ सांगते की एखाद्याला मानसिक आजार आहे असे ठरले, एवढ्यावरून तो विकल मनाचा आहे असे मानता येत नाही; ते ठरवणे सक्षम न्यायालयाचे काम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम २०(४) तर सरळ सांगते की सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढू नये किंवा पदावनत करू नये. तो त्या पदास योग्य राहिला नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे आणि तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत त्याला अधिसंख्य म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त निर्माण केलेल्या जादा पदावर ठेवावे. म्हणजे तो अहवाल शब्दशः खरा मानला, तरी त्यातून निघणारा निष्कर्ष घरी पाठवण्याचा नाही. भाऊ आता पूर्ण बरा आहे, असे लिहून कार्यालयाला द्यायच्या अर्जाचा मसुदा आम्ही करत आहोत. आपली मते मांडावीत.

निवृत्त अधीक्षक

माझी सारी नोकरी आस्थापना शाखेत गेली, तेव्हा कार्यालयाची बाजू मी मांडतो. दुसरे वैद्यकीय मत मागण्याचा अधिकार नियोक्त्याला आहे आणि असलाच पाहिजे. आपण पॅनेलवरच्या डॉक्टरांच्या एका वाक्यावर टीका करता, पण आपल्या मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाणपत्रही एका वाक्याचेच आहे. ‘रुजू होण्यास योग्य’ म्हणजे कशाला योग्य? साठा नोंदवही सांभाळण्यास, किल्ल्या ताब्यात ठेवण्यास, की केवळ हजेरीपटावर सही करण्यास? उपचार करणारा डॉक्टर रुग्णाचा हितचिंतक असतो, आणि त्यात गैर काही नाही; पण कार्यालयाने त्याच्याच शब्दावर भांडार सोपवावे, ही अपेक्षा गैर आहे. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर खुलासा डॉक्टरांना कोणी विचारत नाही. ज्या अधिकाऱ्याने रुजू करून घेतले, त्याच्याकडून वसुली होते.

शिवाय मागणीपत्राशिवाय साहित्य देणे हे गैरवर्तन आहे. कार्यालयाने विभागीय चौकशी न लावता निवृत्तिवेतनाचा मार्ग सुचवला, ही माझ्या दृष्टीने सवलत आहे. आपण तिलाच अन्याय म्हणत आहात.

सम्राट चौक

अधीक्षक साहेब, प्रमाणपत्राबाबतचा आपला मुद्दा घेण्यासारखा आहे. त्यावर पुढे येतो. सवलतीचा मुद्दा मात्र मला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी रविंदर कुमार धारीवाल प्रकरणात नेमका हाच पेच सोडवला आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलातील त्या अधिकाऱ्यावर वर्तनावरून चौकशी लावलेली होती, आणि त्यांना मंत्रचळ (ओसीडी) व तीव्र नैराश्य होते. वर्तनामागे मानसिक दिव्यांगत्व हे एकमेव कारण असले पाहिजे असे नाही, ते कारणांपैकी एक असले तरी अशी शिस्तभंगाची कारवाई भेदभाव ठरते, असे न्यायालयाने म्हटले आणि चौकशी रद्द केली. सध्याच्या कामास ते अयोग्य ठरले तर वेतन आणि सेवाशर्ती राखून त्यांना दुसरे काम द्यावे, असेही सांगितले. शस्त्रे बाळगणाऱ्या दलाबाबत हे लागू पडत असेल, तर नट-बोल्ट आणि केबलच्या भांडाराबाबत का पडू नये?

टॉवेलवाला

अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे. आपण सर्वजण सरकारी फाईलच्या चौकटीत बोलत आहात, म्हणून बाहेरचे चित्र सांगतो. कलम २०(४) सरकारी आस्थापनांना बांधते. आमच्यासारख्यांना ते शब्दशः लागू होत नाही. आमच्याकडे अधिसंख्य पद नावाची वस्तूच नसते. मागावर उभ्या असलेल्या माणसाला औषधाने गुंगी आली आणि हात सापडला, तर कायदा मलाच विचारणार आहे की माहीत असूनही त्याला उभे का केले. मग मी डॉक्टरांकडे पाठवले आणि डॉक्टरांनी नको म्हटले, तर मी त्या कागदाच्या पलीकडे का जावे? १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमातही सततच्या आजारपणामुळे सेवा संपवणे हे कामगार कपातीच्या व्याख्येतून वगळलेले होते. कायद्याने ही अडचण पूर्वीच ओळखली होती, असाच याचा अर्थ होतो.

मनोसामाजिक

मी मनोविकार विभागात समाजसेवक म्हणून काम करते. टॉवेलवाले दादांचे भय खोटे नाही, पण गुंगी कोणत्या औषधाने, किती मात्रेने आणि दिवसाच्या कोणत्या वेळी येते, हे विचारल्याशिवाय त्या भयावर निर्णय घेणे ही काळजी नव्हे. अनेकदा डॉक्टर गोळीची वेळ बदलतात आणि प्रश्न मिटतो. खाजगी आस्थापनेलाही २०१६ च्या कायद्याच्या कलम २१ नुसार समान संधी धोरण ठेवावे लागते. शिवाय कामगार राज्य विमा योजनेत असेल, तर वाढीव आजारपण लाभाच्या ३४ आजारांच्या यादीत सायकोसिस म्हणजे वास्तवाचे भान सुटणारा मनोविकारही आहे. हे सोलापुरातल्या किती सुपरवायझरांना ठाऊक असते, याची मला शंका आहे.

धागाकर्त्यांच्या मांडणीत मात्र एक अंतर्विरोध आहे आणि पुढे तोच त्यांना नडणार आहे. अहवाल खोडण्यासाठी आपण म्हणता, भाऊ पूर्ण बरा आहे. संरक्षण मागताना म्हणता, तो दिव्यांग आहे. समोरचा वकील ही दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी ठेवील. यातून वाट आहे, पण ती काळजीपूर्वक लिहावी लागेल : आजार दीर्घकालीन आहे, तो सतत नसून झटक्यांच्या स्वरूपात येतो, झटक्यांमधल्या काळात क्षमता शाबूत असते, आणि अमुक परिस्थितीत झटक्याचा धोका वाढतो. हे चारही भाग एकाच वेळी खरे असू शकतात. एका दुपारच्या तपासणीला त्यातला एकही दिसत नाही. भाऊ त्या दिवशी शांत असेल तर आजार दिसणार नाही, अस्वस्थ असेल तर क्षमता दिसणार नाही.

दिव्यांगत्व मोजण्यासाठी आपल्याकडे आयडियाज ही मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम अशा चार क्षेत्रांत शून्य ते चार गुण देतात आणि आजाराच्या कालावधीचे गुण त्यात मिळवतात. त्यासाठी रुग्णाबरोबर घरच्यांशीही सविस्तर बोलावे लागते. पॅनेलवरच्या डॉक्टरांनी असे काही केलेले दिसत नाही, हा आपला सर्वांत बळकट मुद्दा आहे. आपण तो मांडलाच नाही.

जुळे सोलापूर

मला हाच आजार आहे, म्हणून वेगळे मत देतो. प्रमाणपत्राच्या मागे लागू नका. सिव्हिलमध्ये मंडळापुढे बसायचे, टक्के ठरवून घ्यायचे, ते तात्पुरते असेल तर मुदत संपल्यावर पुन्हा बसायचे, आणि एवढे करून कार्यालयातला प्रत्येक शिपाई आपल्याकडे बघून कुजबुजणार. लहान शहर आहे. लग्नाच्या बोलणीपर्यंत गोष्ट पोहोचते. मी रजा संपवली, तोंड मिटून रुजू झालो आणि जमेल तसे रेटले. तुमच्या भावानेही चांगल्या डॉक्टरांचे सविस्तर पत्र द्यावे आणि ‘दिव्यांग’ हा शब्द टाळावा. चाळीस टक्के भरले नाहीत तर? मग आजारीही ठरलो आणि दिव्यांगही नाही, अशी गत व्हायची.

वकील, जिल्हा न्यायालय परिसर

वरच्या प्रतिसादातील भीती मी समजू शकतो, पण त्यात कायद्याचा एक गैरसमज आहे. चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. कलम २०(४) मध्ये ‘दिव्यांगत्व’ एवढाच शब्द आहे, लक्षणीय म्हणजे किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व नव्हे. वाजवी सोयीसुविधांचा, म्हणजे कामात गरजेपुरते बदल मिळण्याचा हक्कही चाळीस टक्क्यांशी बांधलेला नाही. तथापि कागदाशिवाय कार्यालय हलत नाही, हेही वास्तव आहे, म्हणून प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा असे माझे मत आहे. टक्के कमी दिले असे वाटल्यास कलम ५९ खाली अपील करता येते. पॅनेलवरच्या डॉक्टरांचा अहवाल हे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नव्हे. त्याला लेखी आक्षेप घेऊन मनोविकारतज्ज्ञ असलेल्या मंडळाकडून फेरतपासणी मागता येते.

माझ्या मते सर्वांत तातडीची गोष्ट वेगळीच आहे. भावाने रुग्णता निवृत्तिवेतनाच्या अर्जावर सही करू नये. आस्थापनेने काढले तर कलम २०(४) उभे राहते, पण त्यानेच विनंती केली असेल तर त्याला काढलेच नाही, असा बचाव आयता मिळतो. तोंडी सुचवतात ते यासाठीच. अहवालाची प्रत लेखी मागावी. देत नसतील तर माहिती अधिकारात स्वतःबद्दलची माहिती म्हणून मागावी. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते, पण त्यांचा निर्णय शिफारशीच्या स्वरूपाचा असतो आणि काही आस्थापना तेवढ्यावर दाद देत नाहीत. उच्च न्यायालयाचा मार्ग आता थोडा जवळ आला आहे : १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे, त्यामुळे रिट याचिकेसाठी मुंबईच्या फेऱ्या नाहीत.

सम्राट चौक

समाजसेविका ताईंची दुरुस्ती मी मसुद्यात घेतली आहे. ‘पूर्ण बरा’ हे शब्द काढले. मनोविकारतज्ज्ञांना भांडारपालाच्या कामांची यादी देऊन प्रत्येक कामापुढे मत मागितले आहे. अधीक्षक साहेबांचा ‘कशाला योग्य’ हा प्रश्न त्यातून सुटावा. बदल दोनच मागत आहोत. रात्रपाळी नको, कारण झोप मोडणे हे या आजारात झटक्याचे ओळखीचे कारण आहे. दुसरा सोलापूरच्या उन्हाचा : लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातील पाणी कमी झाले तर औषधाची रक्तातील पातळी वाढून विषबाधेपर्यंत जाऊ शकते, म्हणून एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये दुपारची साठामोजणी त्याला देऊ नये. यात आस्थापनेचा एक रुपयाही खर्च होत नाही.

जुळे सोलापूरकर, आपण रेटले याबद्दल आदर आहे. पण माझ्या भावाने तेच केले होते. कार्यालयाला आजार माहीत नव्हता, म्हणूनच रात्रपाळ्या लागल्या.

निवृत्त अधीक्षक

एक रुपयाही खर्च होत नाही, असे लिहू नका. त्याची रात्रपाळी दुसरा कोणीतरी करणार आहे आणि उद्या तोही अर्ज घेऊन उभा राहील. तेव्हा पाळीवाटप कसे करता येईल, याचा प्रस्ताव तुम्हीच जोडा. किल्ल्या आणि निर्गम नोंदीवर दुसऱ्याची सही घेण्याची तयारीही भावाने लेखी दाखवावी. अधिकाऱ्याला भीती आपल्यावरच्या वसुलीची असते. ती दूर झाली तर अर्धा विरोध मावळतो. अहवालाबाबत माझे मत बदललेले नाही, तपासणी करणे कार्यालयाचा हक्कच होता. पण मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांनी ‘कायमस्वरूपी’ हा शब्द लिहिला, त्यावर मी खुर्चीत असतो तर स्वतःच फेरतपासणीची टिपणी ठेवली असती. अर्ज आस्थापना शाखेत द्या, प्रत विभागप्रमुखांना द्या, आणि दोन्हींवर आवक क्रमांक घ्या.