पत्र लिहिण्याचे ‘नियोजन’ करता येते का?

भाषांतरकार :
एका इंग्रजी दीर्घकथेचे भाषांतर करताना मी एका अगदी साध्या वाक्यापाशी अडकले आहे. बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या दोन मैत्रिणींपैकी एक दुसरीला सांगते की तुला पत्र लिहिण्याचे माझे प्लॅनिंग चालले होते. मी लिहिले, ‘मी तुला पत्र लिहिण्याचे नियोजन करत होते.’ संपादकांनी ‘नियोजन’भोवती लाल वर्तुळ काढले आणि समासात लिहिले, ‘पत्र म्हणजे धरणातले पाणी आहे काय?’ त्याखाली त्यांनी स्वतःचे वाक्य सुचवले : ‘मी तुला लिहिणारच होते.’

टोमणा मला पटला, पर्याय पटला नाही. ‘लिहिणारच होते’ हे आपण काम राहून गेल्याचे उघडकीला आल्यावर म्हणतो आणि त्याला सबबीचा वास येतो. मूळ कथेतली बाई सबब सांगत नाही; काय लिहायचे, किती सांगायचे आणि काय गाळायचे, याचा ती खरोखरच कित्येक दिवस विचार करत होती. ‘बेत’ म्हटले तर ती सहलीला निघाल्यासारखी वाटते, ‘योजना’ म्हटले तर परिपत्रक काढल्यासारखे वाटते आणि ‘मनसुबा’ म्हटले तर स्वारीवर निघाल्यासारखे वाटते. इतके शब्द असून एकही हाताशी येत नाही, असे का व्हावे? इतर भाषा ही कल्पना कशी मांडतात, तेही जाणकारांनी सांगावे.

रोखठोक :
‘प्लॅन करत होते’ असेच लिहावे आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळावे. दोन मैत्रिणी जे बोलतील तेच पानावर असायला हवे, आणि त्या नियोजनही म्हणणार नाहीत आणि मनसुबाही म्हणणार नाहीत. आपण ‘प्लॅन फिसकटला’ असे सर्रास म्हणतो. ‘फिसकटणे’ या क्रियापदाशी ज्याची सोयरीक जमली, तो शब्द परका कसा राहील?

स्वभाषाभिमानी :
या न्यायाने उद्या सगळीच कथा इंग्रजीत ठेवावी लागेल. भाषांतरकाराला पगार मिळतो तो आळस करण्यासाठी नव्हे. ‘मनसुबा’ हा शब्द मुळातच ‘मन’ पोटात घेऊन आलेला आहे, मनाच्या सुभ्यात जे चालते तो मनसुबा, आणि या बाईचे सगळे मनातच चालले आहे. घरचा इतका नेमका शब्द असताना परक्यांच्या दारी जाण्याचे कारण मला दिसत नाही.

कोशकीडा :
स्वभाषाभिमानी यांची व्युत्पत्ती गोड असली तरी खरी नाही. ‘मनसुबा’ फारसीमार्गे आलेला अरबी शब्द आहे, आणि त्याचा मनाशीही संबंध नाही आणि सुभ्याशीही नाही. ‘न-स-ब’ या अरबी धातूचा अर्थ उभे करणे, रोवणे, मांडणे असा आहे आणि ‘मन्सूब’ म्हणजे मांडलेले. अरबी बुद्धिबळात पटावर सोंगट्या आधी मांडून, आता इथून पुढे सोडवा, असे आव्हान दिले जाई; त्या मांडणीलाच ‘मन्सूबा’ म्हणत. डावपेचाची छटा त्या शब्दाला चिकटली आहे, तिच्याशी हे चांगले जुळते. उर्दूत मात्र हा शब्द आजही अगदी रुक्ष सरकारी कामाला जुंपलेला आहे, आणि तिथे नियोजनाला ‘मन्सूबाबंदी’ म्हणतात.

‘तजवीज’ही तिकडचीच. ‘जायज’ ज्या धातूपासून येतो त्याच धातूपासून ती येते. मूळ अर्थ परवानगी देण्याचा, उर्दूत अर्थ प्रस्ताव असा, आणि मराठीत येता येता तिने ‘पैशांची तजवीज’ करायला घेतली. ‘खलबत’ म्हणजे मुळात एकांत. म्हणजे गुपचूप ठरवण्याच्या जागेचेच नाव आपण ठरवण्याला दिले.

आता संस्कृत. ‘योजना’ आणि ‘नियोजन’ ही दोन्ही ‘युज्’ची लेकरे, आणि ‘युज्’ म्हणजे जोडणे, जुळवणे, जुंपणे. बैलाच्या मानेवरचे ‘जू’ याच कुळातले आहे. पण संस्कृतात ‘नियोजन’ म्हणजे एखाद्याला कामावर लावणे, नेमणे, आज्ञा देणे. भविष्यकाळाचा आराखडा करणे हा अर्थ त्याला आधुनिक काळात, इंग्रजी शब्दाला प्रतिशब्द हवा म्हणून चिकटवण्यात आला. जुना अर्थ अजून पुसला गेलेला नाही, याचा पुरावा ‘नियोजित अध्यक्ष’ आणि ‘नियोजित वधू’ यांत आहे. त्या वधूचा कोणी आराखडा काढलेला नसतो. तिची नेमणूक झालेली असते.

रोखठोक :
म्हणजे स्वभाषाभिमानी फ्रेंचांच्या शब्दाविरुद्ध अरबांच्या शब्दाची तलवार घेऊन उभे होते. कारण ‘प्लॅन’ही इंग्रजांचा स्वतःचा नाही.

स्वभाषाभिमानी :
व्युत्पत्ती चुकली हे मान्य करतो, पण मुद्दा सोडत नाही. ‘मनसुबा’ आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके वापरून घासूनपुसून घेतला आहे. कालचा पाहुणा आणि वाड्यात वाढलेला माणूस यांच्यात फरक असतो.

भाषावेडा :
‘प्लॅन’चा विषय निघालाच आहे तर थोडे त्याच्या मागे जाऊ या. इंग्रजीने तो सतराव्या शतकात फ्रेंचमधून घेतला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘प्लानुस’ म्हणजे सपाट या शब्दापर्यंत जाते. इमारत वर उठण्याआधी ती सपाट कागदावर काढायची, तो प्लॅन; बिल्डर आजही घराचा ‘प्लॅन’ दाखवतो तो मूळ अर्थानेच. अरबीत योजनेला ‘खुत्ता’ म्हणतात आणि तो शब्द ‘खत्त’ म्हणजे रेषा याचा सख्खा भाऊ आहे. आपण ज्याला ‘खत’ म्हणजे लेख किंवा दस्तऐवज म्हणतो तो हाच. चिनी आणि जपानी भाषांत या शब्दासाठी दोन चिन्हे येतात, त्यांतले पहिले मोजण्याचे आणि दुसरे रेघ मारून सीमा आखण्याचे. आणि आपण बेत ‘आखतो’, वहीही ‘आखीव’ असते. माणसाने पुढचा विचार करायचा म्हटले की बहुतेक ठिकाणी आधी रेघ मारली आहे.

पण सगळीकडे नाही. काही भाषांनी रेघ मारण्याऐवजी काहीतरी पुढे फेकले आहे. ‘प्रोजेक्ट’ म्हणजे लॅटिनमध्ये पुढे फेकलेले. जर्मनमध्ये आराखड्याला ‘एंटवुर्फ’ म्हणतात, त्यातही फेकण्याचेच क्रियापद दडले आहे. फारसीत ‘तर्ह’ म्हणजे आराखडा, आणि तो ज्या अरबी धातूतून आला त्याचा अर्थ फेकणे, टाकणे. हीच ‘तर्ह’ आपल्याकडे ‘तऱ्हा’ होऊन आली. तेव्हा ‘ही काय तऱ्हा झाली’ असे म्हणताना आपण नकळत एका जुन्या आराखड्यालाच नावे ठेवत असतो. सगळ्यांत गंमत ग्रीकची. तिथे योजनेला ‘स्खेदिओ’ म्हणतात आणि त्या कुळातल्या जुन्या विशेषणाचा अर्थ आयत्या वेळी, घाईघाईत केलेले असा होता. इंग्रजीतले ‘स्केच’ याच वंशातले मानतात. ज्या योजनेच्या पोटात आयत्या वेळची धांदल दडली आहे, ती निदान प्रामाणिक तरी म्हटली पाहिजे.

जुना वाचक :
भाषावेडा यांच्या परदेशवारीत आपले शेजारी राहून गेले. 1951 मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि एकाच सरकारी दस्तऐवजाला प्रत्येक भाषेने आपापल्या घरचे नाव ठेवले. हिंदी आणि मराठीने ‘योजना’ घेतली. बंगालीने ‘परिकल्पना’ घेतली, जी आपल्याकडे विज्ञानाच्या पुस्तकात गृहीतकाच्या शेजारी बसते. मल्याळममध्ये ती ‘पद्धति’ झाली. संस्कृतात ‘पद्धति’ म्हणजे पावलांनी तुडवून पडलेली वाट, म्हणजे अजून कोणी न गेलेल्या पाच वर्षांना त्यांनी मळलेल्या वाटेचे नाव दिले. तेलुगूत ‘प्रणाळिक’ म्हणतात, आणि तिचे मूळ संस्कृत ‘प्रणाली’ म्हणजे पाण्याचा पाट. आपली ‘पन्हळ’ही त्याच घरातली आहे. तमिळने संस्कृतकडे पाहिलेच नाही आणि ‘तिट्टम्’ म्हटले. गुजरातीत नियोजनाला ‘आयोजन’ म्हणतात, त्यामुळे मराठी माणूस पहिल्यांदा ‘आयोजन पंच’ हा शब्द वाचतो तेव्हा त्याला सत्यनारायण किंवा संमेलन आठवते, नियोजन आयोग आठवत नाही. आणि ज्यांनी 1928 मध्ये ही पंचवार्षिक पद्धत सुरू केली, त्या रशियनांच्या ‘प्यातिलेत्का’ या रोजच्या शब्दात योजना नावालाही नाही. त्यात केवळ पाच वर्षे आहेत.

या निमित्ताने एक सांगावेसे वाटते. संपादकांचा धरणाच्या पाण्याचा टोमणा वाटतो त्याहून खोल आहे. ‘नियोजन’ ज्या गोष्टींचे होते त्यांची यादी मनातल्या मनात करून पाहावी : पाणी, वेळ, खर्च, मनुष्यबळ, वाहतूक. या सगळ्या आधीच हातात असलेल्या, मोजता येणाऱ्या, इकडून तिकडे लावता येणाऱ्या गोष्टी आहेत. ‘योजकस्तत्र दुर्लभः’ या सुभाषितातला योजकही तोच. प्रत्येक अक्षरात मंत्र आहे, प्रत्येक मुळीत औषध आहे, त्यांना योग्य जागी लावणारा माणूस मात्र मिळत नाही. तो काही नवे ठरवत नाही, आहे ते लावतो. उलट ‘बेत’ हातात नसलेल्या, पुढे करायच्या कृतीचा असतो. म्हणून ‘पाण्याचा बेत’ म्हणता येत नाही आणि ‘पत्राचे नियोजन’ कानाला खटकते.

भाषांतरकार :
जुना वाचक यांनी माझ्या चुकीचे कारण मला समजावले, त्याबद्दल आभार. तरीही वाक्य रिकामेच आहे.

तिरकस :
मराठीत या शब्दांची वाटणी आणखी एका प्रकारे होते, ती कोणी सांगितली नाही. माझा तो बेत, तुमचा तो घाट आणि त्याचा तो डाव. स्वतःविषयी ‘मी घाट घातला आहे’ असे म्हणणारा माणूस एक तर विनोदी असतो किंवा दमलेला. पुढे या सगळ्यांचे मरणही वेगवेगळे असते. बेत बारगळतो, मनसुबे उधळले जातात, डाव उलटतो, कट उघडकीस येतो. योजना मात्र मरत नाही. ती गुंडाळली जाते आणि गुंडाळलेली वस्तू पुन्हा उलगडता येते, हे योजना गुंडाळणाऱ्यांनाही ठाऊक असते.

कन्नडशेजारी :
आपण सगळे नामामागे धावत आहोत, आणि मला वाटते घोळ तिथेच होत आहे. माझे बालपण घरात मराठी आणि शाळेत कन्नड असे गेले. ‘जायचा विचार आहे’ हे कन्नडमध्ये सहज सांगायचे तर ‘होगबेकु अंत इद्देने’ म्हणतात. शब्दशः पाहिले तर ‘जायला हवे असे म्हणत मी आहे’. तमिळमध्ये ‘पोगलाम्नु इरुक्केन’, म्हणजे ‘जाऊ या असे म्हणत आहे’. जपानीतही हीच रचना आहे, ‘इको तो ओमोत्ते इरु’, जाऊ या असे मनात चालले आहे. या तिन्हींत ‘योजना’ या अर्थाचे नाम कुठेच नाही. माणूस स्वतःशी एक वाक्य बोलतो आणि ते वाक्य तोंडात घोळवत काही काळ राहतो, हीच त्यांच्या लेखी योजना.

आणि हे मराठीत नाही असे कोण म्हणेल? ‘उद्या जावे म्हणतो.’ ‘यंदा घर रंगवावे म्हणते.’ इथे कोणी कोणाला काही म्हणत नसते. माझे वडील सकाळी चप्पल घालून दारात उभे राहत आणि ‘जरा बँकेत जाऊन यावे म्हणतो’ असे भिंतीकडे पाहून सांगत. घरातून कोणी हरकत घेतली नाही, की मगच ते पायरी उतरत. त्या बाईच्या तोंडी ‘तुला लिहावे लिहावे म्हणत होते’ असे घालून पाहावे.

स्वभाषाभिमानी :
हे वाक्य अस्सल आहे आणि मला ते मनापासून आवडले. सगळ्या चर्चेत एकही नाम उसने न घेता काम करणारा हा पहिलाच पर्याय आहे.

रोखठोक :
अस्सल आहे यात शंका नाही, पण अर्थ तो नव्हे. ‘लिहावे लिहावे म्हणत होते’ याच्या पुढे प्रत्येक मराठी कान ‘पण राहूनच गेले’ ऐकतो. संपादकांच्या वाक्यात सबबीचा वास होता, तर याच्यात चालढकलीचा आहे. वडिलांचे उदाहरण वर्तमानकाळातले होते, तिथे ‘म्हणतो’ पुढे सरकते. ‘म्हणत होते’ भूतकाळात गेले की तिथल्या तिथेच रुतते.

कन्नडशेजारी :
द्विरुक्ती केली तर चालढकल होते, हे खरे. एकदाच ‘लिहावे’ म्हटले तर होत नाही.

रोखठोक :
एकदा म्हटले तरी होते. मोठ्याने वाचून पाहावे.

भाषांतरकार :
मोठ्याने वाचून पाहिले, दोन्ही बाजू आलटून पालटून खऱ्या वाटतात. शेवटी मी नामही सोडले आणि ‘म्हणणे’ही सोडले. आता वाक्य असे आहे : ‘तुला काय काय लिहायचे ते मी मनात जुळवत होते.’ शब्दांची संख्या वाढली आहे, आणि मूळ वाक्यातला सहजपणा गेला की काय अशी शंका आहे. यावर मत हवे आहे. संपादकांकडे पान परवा जायचे आहे आणि त्यांनी या वेळी समासात ‘पूर्वनियोजन’ हा शब्दही तोडला आहे, तो वेगळाच.

स्वभाषाभिमानी :
‘पूर्वनियोजन’ तोडले ते उत्तमच केले. नियोजन आधीच करतात, मागाहून केलेले नियोजन कोणी पाहिले आहे काय? वर्तमानपत्रांतला ‘पूर्वनियोजित कट’ तर मला दर वेळी बोचतो.

रोखठोक :
मागाहून केलेले नियोजन प्रत्येक कार्यालयाच्या वार्षिक अहवालात पाहायला मिळते.

कोशकीडा :
विनोद बाजूला ठेवून सांगतो, त्या ‘पूर्व’ला काम आहे. ‘पूर्वनियोजित कार्यक्रमामुळे उपस्थित राहू शकत नाही’ या वाक्यात ‘पूर्व’ म्हणजे आपले निमंत्रण येण्यापूर्वी. तिथे ‘नियोजित’चा जुना, नेमलेला हा अर्थ आहे, आणि आपल्या आधी दुसऱ्या कोणी त्या दिवसावर नेमणूक करून ठेवली आहे, इतकेच ते सांगते. द्विरुक्ती म्हणून शब्द तोडण्यापूर्वी वाक्य पाहावे.

स्वभाषाभिमानी :
कार्यक्रमापुरते मान्य. कटापुरते अजिबात मान्य नाही.

तिरकस :
कटाचे निमंत्रण नंतर आले असेल तर?