चार कोटी अंकांची मूळ संख्या बँकेला लागते म्हणे!

पाढेवाला: 'वीजबिल' यांनी काल ठोकून दिलंय की २०२४ मध्ये सापडलेली ती ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या बँकांच्या सुरक्षेसाठी शोधली, आणि तिचे अवयव कुणी पाडले तर आपली खाती उघडी. अहो, मूळ संख्येचे अवयव काय पाडणार, कपाळ? बँकेच्या कुलपाला काही शे अंकी मूळ संख्या पुरतात, आणि त्या गुप्त असाव्या लागतात. ही तर जगजाहीर आहे: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. तपासायलाही एकेका संख्येने भागून बघत बसत नाहीत. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. ३१ साठी (२ चा ५ वा घात, वजा १) बघा: ४, १४, मग १९४ म्हणजे बाकी ८, मग ६२ म्हणजे बाकी ०. ठरली मूळ! चहा उकळेपर्यंत होतं. त्या थोरलीला हेच तेरा कोटींहून जास्त वेळा.

वीजबिल: बँकेचं चुकलं. घ्या, नारळ फोडा. पण उपयोग काय ते गाळलंत. ती शोधणाऱ्या ल्यूक ड्युरंटने कुठकुठल्या देशांतले संगणक भाड्याने घेऊन वीज जाळली, बक्षीस ३,००० डॉलर. इथे आमच्या मोटरीला वीज येते रात्री दोनला.

मंदाताई: तेही त्याने अलाबामातल्या आपल्या जुन्या शाळेला देऊन टाकले, एवढं तरी लिहा. माझा राग वेगळाच आहे. 'मूळ संख्या' हा शब्द कुणी काढला? वर्गात मुलं विचारतात, "बाई, वर्गमूळातलं मूळ का?" हिंदीत सरळ 'अभाज्य'.

देवळालीकर: ताई, शब्दाला हात लावू नका. बाकीच्या संख्या यांच्याच गुणाकारातून होतात, म्हणून मूळ. आणि ११-१३ सारख्या दोनच्या फरकाच्या 'जोडमूळ'चं काय करणार, 'जोडअभाज्य'?

मंदाताई: करीन की! पण ज्याने कधी सहावीचा वर्ग घेतला नाही त्याने मला शिकवू नये.

देवळालीकर: वर्ग घेतला नाही, भोगलाय. "स्वतःने आणि १ ने भाग जातो ती मूळ," असं शिकवलं म्हणून मी १ लाही गोल केला. अर्धा गुण गेला, वर छडी. कारण विचारलं तर "पुस्तकात आहे". १ ला घेतलं तर ६ म्हणजे २×३, १×२×३, १×१×२×३... अवयवांना अंतच राहत नाही, हे मला चाळिशीत कळलं.

मंदाताई: छडी चूकच. पण तुमचे गुरुजी वाईट म्हणून शब्द चांगला ठरत नाही.

पाढेवाला: धागा कुठे, तुम्ही कुठे! पण जोडमूळवरून आठवलं. गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते, उत्तर जुळेना. १९९४ मध्ये उघड झालं की संगणकातली इंटेलची पेंटियम चिपच भागाकार चुकवतेय. इंटेलचे ४७.५ कोटी डॉलर गेले. थोरल्या मूळ संख्या शोधणाऱ्या 'प्राइम ९५' या प्रोग्रॅमनेही २०१६ मध्ये इंटेलच्याच स्कायलेक चिपा अडकवून दाखवल्या. घ्या, वीजबिल, उपयोग.

वीजबिल: म्हणजे संगणकाचा घाम काढायला. बरं, तेवढा मानतो. पण मग चार कोटी अंकच कशाला, चार हजारांत घाम निघत नाही?

पाढेवाला: चार हजार अंकी तर मोबाइलसुद्धा चुटकीसरशी तपासतो.

वीजबिल: मोबाइल चार्ज असला तर. चला, दोन वाजले, मोटर लावून येतो.

मंदाताई: 'अभाज्य'वर कुणी बोललंच नाही.