मदत हवी आहे: स्पाचं व्हाउचर, उद्या ११ ची वेळ, मसाज कुठला घ्यायचा?

चावी_हरवली (सोमवार, दुपारी २.१०)
पटकन सांगा कुणीतरी. ताराबाई पार्कातल्या एका स्पाचं ९० मिनिटांचं व्हाउचर आलंय, उद्या सकाळी ११ ची वेळ मिळालीय. काउंटरवरची पोरगी म्हणते, कुठला मसाज ते आज सहाच्या आत कळवा, नंतर बदलून मिळणार नाही. यादीत स्वीडिश, डीप टिश्यू, थाई, बाली, हॉट स्टोन आणि अभ्यंग. मघापासून वाचतोय, सगळ्यांच्या खाली एकच ओळ, 'ताण जातो, रक्ताभिसरण सुधारतं'. मग सहा नावं ठेवलीत कशाला? पाय लई दुखतात, तेवढ्यासाठी पाहिजे. नंतर काय करायचं, काय खायचं नाही, तेही सांगा. गूगल करून झालंय.

आखाड्याची_माती (२.२४)
भावा, डोळे झाकून डीप टिश्यू घे. पोटऱ्या आखडल्या असणार. तालमीत होतो तेव्हा मेहनत झाली की एकानं पालथं पडायचं आणि दुसऱ्यानं मांडीवर पाय देऊन उभं राहायचं. पहिली दोन मिनिटं माणूस शिव्या देतो, तिसऱ्या मिनिटाला घोरतो. वरून बदाम, खसखस, बडीशेप, मिरी वाटून थंडाई. स्पात म्हणे ग्रीन टी देतात. चालायचंच.

पुणेकर_सध्या_शाहूपुरीत (२.३१)
प्रश्न अर्धवट आहे. वय किती? एक पाय दुखतो की दोन्ही? किती दिवसांपासून? ९० मिनिटांत स्टीम आणि आंघोळ धरलीय का? बऱ्याच ठिकाणी धरतात, मग हातात मसाज उरतो तासाभराचा.

तेलघाणा (२.३५)
कुठलाच घेऊ नका, सगळं मार्केटिंग आहे. घाण्यावरचं तिळाचं तेल आणा, वाटीत घेऊन गरम पाण्यात ठेवा, तळपायापासून वर चोळा, तासाभरानं बेसन लावून आंघोळ. झालं. आमच्या घरी दिवाळीची वाट बघत नाहीत, दर रविवारी असतं.

चावी_हरवली (२.५०)
@तेलघाणा व्हाउचर फुकट घालवू का मग? महिनाअखेरीस मुदत संपते. @पुणेकर दोन्ही पाय, गेली दहाएक वर्षं. दिवसभर उभ्यानं काम. वय ६३. स्टीम १५ मिनिटं, त्यातच धरलीय.

आखाड्याची_माती (२.५३)
६३? काका, माफी असावी. 'भावा' म्हणून गेलो.

पुणेकर_सध्या_शाहूपुरीत (२.५८)
मग काका, तुम्ही थाई घ्या. तेल नाही, अंगावर सैल कपडे असतात, जमिनीवरच्या गादीवर झोपवून ओढतात, ताणतात. २०१९ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेलाय तो. मी दोनदा घेतलाय, पाठ अशी मोकळी झाली की बस्स.

चावी_हरवली (३.०४)
काका कोण? मसाज आईला आहे. व्हाउचर दादानं बेंगळुरूहून तिच्या नावावर पाठवलंय. आणि मी मुलगी आहे.

पुणेकर_सध्या_शाहूपुरीत (३.०६)
हे कुठे लिहिलंय? वर स्वच्छ 'वाचतोय' लिहिलं आहे.

रंकाळ्याचा_वारा (३.०९)
इथं येऊन राहिलायस आणि एवढं माहीत नाही? कोल्हापुरात पोरी 'मी जातो, मी खातो, मी येतो' असंच बोलतात. माझी बहीण बोलते, बायको बोलते. शाहूपुरीत नाही का कुणी तुझ्याशी बोलत?

शुद्धलेखन_प्रेमी (३.१४)
बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं. लिहिताना लिंग पाळायला काय हरकत आहे? गैरसमज टळतात. 'महिनाअखेरीस' मात्र बरोबर लिहिलंत, त्याबद्दल अभिनंदन.

रंकाळ्याचा_वारा (३.१५)
महिनाअखेरीस सत्कार ठेवू या मग.

रात्रपाळी (३.२२)
लिंगावर नंतर भांडा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नोकरी एका दवाखान्यात, आत्ता दोन पेशंटच्या मधे लिहितेय. ताई, आईंना गोळ्या कुठल्या चालू आहेत? पायावर सूज, निळ्या शिरा, जखम काही? मागे ऑपरेशन झालंय का?

चावी_हरवली (३.३०)
बीपीची एक. रक्त पातळ व्हायची एक. २०२२ ला स्टेंट घातला तेव्हापासून. पोटऱ्यांवर शिरा फुगून दोरीसारख्या वर आल्यात, पण ते वयाचं. पोळीभाजी केंद्र आहे तिचं, उभं राहून राहून झालंय. यातल्या कशाचा मसाजशी काय संबंध? सहा वाजायला अडीच तास राहिलेत.

रात्रपाळी (३.५१)
संबंध एवढाच की, पहिल्या पोस्टमध्ये हे असतं तर अर्धा धागा वाचला असता.

डीप टिश्यू नको. त्यात कोपर, अंगठा खोल रुततो. रक्त पातळ करायची गोळी चालू असली की तेवढ्यानंही काळंनिळं पडतं, आत रक्त साकळतं. फुगलेल्या शिरांवर तर दाब कुणीच द्यायचा नाही, तुम्हीही घरी नाही (@तेलघाणा, तुमचं चोळणं यात आलं). हॉट स्टोन नको, उष्णतेनं शिरा आणखी पसरतात. थाई नको. ६३ वर्षांच्या बाईला जमिनीवरच्या गादीवर उतरवून ओढाताण कशाला? स्टीमला सरळ नाही सांगा. स्टेंट, बीपीची गोळी आणि वर वाफ, उठताना चक्कर यायला एवढं पुरतं.

उरलं स्वीडिश किंवा अभ्यंग. दोन्हीत हलका हात मागा: पाठ, खांदे, मान, हात, तळवे. गुडघ्याच्या खाली नुसतं तेल लावलं तर चालेल, दाब नको. बालीत तेल असलं तरी मधे मधे जोर लावून बिंदू दाबतात, म्हणून तोही सोडा.

आणि हे सगळं आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारायचं. मी आईंना तपासलेलं नाही. एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखली, तर स्पाकडे बघायचंही नाही, तडक दवाखाना. आत रक्ताची गाठ असू शकते आणि चोळून ती सुटली तर फुप्फुसात जाते.

आखाड्याची_माती (३.५८)
ताई बरोबर बोलतायत. माझा सल्ला मागं घेतो. तो विशीतल्या पैलवानाला होता.

पण एक सांगतो. मालिश करणारा कसा ओळखायचा, तर हात लावायच्या आधी तो विचारतो. आमच्या तालमीतला म्हातारा 'कुठं लागलंय का, ताप बीप हाय का' विचारल्याशिवाय तेलाची वाटी उचलायचा नाही. स्पात फॉर्म भरून घेतात म्हणे. घेत नसतील तर निघून या. हौदातल्या मातीचंसुद्धा तसंच आहे, ताक, हळद, लिंबू, कापूर, तेल, काव, सगळं बघून

पुणेकर_सध्या_शाहूपुरीत (४.०२)
वाक्य पुरं करा.

आखाड्याची_माती (४.०३)
गिऱ्हाईक आलंय. खासबागला कुस्त्या असतील तेव्हा सांगतो. शाहू महाराजांनी १९१२ ला बांधलेलं मैदान आहे, तुम्ही अजून आत गेला नसाल.

पार्सल_नको_इथंच (४.०७)
स्वीडिश मसाज मुळात स्वीडनचा नाहीच. स्वीडनच्या पेर लिंग नावाच्या माणसानं व्यायामपद्धत बसवली. मसाजमधल्या चोळण्या-दाबण्याच्या प्रकारांना फ्रेंच नावं दिली १९व्या शतकातल्या मेट्सगर नावाच्या डच डॉक्टरनं.

रंकाळ्याचा_वारा (४.०९)
वा. आता आईचे पाय दुखायचे थांबले असतील.

तेलघाणा (४.१५)
मसाजनंतर भरपूर पाणी प्यायला सांगा. तीन लिटर. अंगातले सगळे टॉक्सिन सुटून येतात, पाण्याबरोबर निघून जातात. रात्री काही खायचं नाही.

रात्रपाळी (४.३३)
कुठले टॉक्सिन? नाव सांगा एखादं. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात, त्यांना चोळावं लागत नाही. तहान लागेल तेवढं पाणी प्यावं. हृदयाच्या पेशंटला उगाच तीन लिटर पाजू नका, काहींना डॉक्टरांनीच पाणी मोजून दिलेलं असतं. आणि ६३ वर्षांच्या बाईला उपाशी झोपवायचं कशासाठी?

तेलघाणा (४.३६)
आमच्या आजीनं ९१ वर्षं काढली याच्यावर.

रात्रपाळी (४.३७)
आजींना माझा नमस्कार. स्टेंट होता का?

चावी_हरवली (४.४०)
भांडू नका, नंतर काय करायचं तेवढं सांगा. डॉक्टरांना फोन लावलाय, कंपाउंडर म्हणतो पाचला या लाइनवर.

रात्रपाळी (४.५८)
जेवण आधी दीड-दोन तास, तेही हलकं. रक्तपातळ गोळी आपल्या मनानं चुकवायची नाही, 'मसाज आहे म्हणून आज नको' असं काही नसतं. संपल्यावर झटकन उठायचं नाही: कुशीवर, मग बसून एक-दोन मिनिटं, मग पाय खाली. तळव्याचं तेल टॉवेलनं पुसून घ्या. मसाजमुळे कमी आणि तेलकट पायानं फरशीवर घसरून जास्त बायका आमच्याकडे येतात, हे माझ्या अनुभवाचं सांगते. घरी आंघोळ कोमट पाण्यानं, बाथरूममध्ये चटई टाकून, आणि दाराला कडी न लावता. तेल अर्धा-पाऊण तास अंगावर राहिलं तर राहू दे. एखादा दिवस अंग ठणकलं तर घाबरू नका, दोन दिवसांपुढं गेलं किंवा नीळ उठली तर दाखवा. गाडीवर मागं बसवून आणू नका, रिक्षा करा.

मिसळ_कट (५.०१)
चादरीला तेलाचे डाग पडले तर आधी पाणी लावू नका. टाल्कम पावडर किंवा मैदा टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झटकून मग भांडी घासायच्या साबणानं.

चावी_हरवली (५.०२)
चादर त्यांची आहे.

मिसळ_कट (५.०२)
पुढं कधी उपयोगी पडेल.

चावी_हरवली (५.४७)
डॉक्टर बोलले. वाफ नाही, पायावर दाब नाही, बाकी हलकं चालेल. अभ्यंग सांगितलाय काउंटरवर. बाई पाहिजे करायला हेही सांगितलं, ती म्हणाली विचारलंत ते बरं केलंत, उद्याच्या यादीत पुरुष लावलेला होता. आणि तेल कुठलं विचारलं, तर 'हर्बल'. नक्की कुठलं, तर आत जाऊन बघून आली: तीळ आणि बदाम. आईला शेंगदाण्यानं पुरळ उठतं, म्हणून विचारलेलं.

पुणेकर_सध्या_शाहूपुरीत (५.५५)
शेंगदाण्याचंही पहिल्या पोस्टमध्ये नव्हतं.

चावी_हरवली (मंगळवार, रात्री ९.२०)
झालं. फॉर्म भरून घेतला, त्यात औषधांचा रकाना होता, मीच भरला, नाहीतर आईनं 'काही नाही' लिहिलं असतं. मला बाहेर बसवलेलं, पण पडद्यामागून सगळं ऐकू येत होतं. आई त्या बाईला म्हणते, 'जरा जोर लाव की गं, कणीक मळताना ह्याच्यापेक्षा जास्त लावतो मी.' ती बाई शहाणी, म्हणाली, 'मावशी, तुमच्या फॉर्मवर लिहिलंय, मी नाही लावणार.' पाच मिनिटांनी आई तिलाच पोळ्या मऊ राहायला काय करायचं ते सांगत होती, आणि मग एकदम शांत. झोपली.

उठताना डोळ्यांपुढं अंधारी आलीच. बसवून ठेवलं, गेली. तळवे पुसून दिले, मोजेही घातले. घरी येऊन अंघोळ, आमटीभात, दोन तास झोप. खांदे हलके वाटतात म्हणते. पाय? पाय तसेच, त्यांना हातच लावलेला नाही. सात वाजता मी बाहेरून आलो तर ओट्यापाशी उभी, उद्याच्या ऑर्डरची भाजी निवडत.

रात्रपाळी (९.४१)
पायांचं दुखणं तिथंच आहे, ओट्यापाशी. उंच स्टूल घ्या, भाजी, कणीक बसून. तासातासानं पाय वर. आणि शिरांसाठी डॉक्टरांना दाखवा, घट्ट मोजे मापाचे मिळतात, पण तेही विचारूनच.

चावी_हरवली (९.४४)
स्टूल आहे. त्याच्यावर डबे ठेवलेत.

कोपऱ्यावरचा (९.५०)
सगळा धागा वाचला नाही, पण त्या स्पाला पार्किंग आहे का?

चावी_हरवली (९.५३)
नाही. रिक्षा पुढच्या चौकात सोडावी लागली, तेवढं चालून आईचे पाय दुखले.