हिंजवडी फेज ३ ला जॉब, बायकोचा शिवाजीनगरला, बजेट २० हजार. घर कुठे बघू?

लातूरकर_बाबू
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्याच्या १ तारखेला पुण्यात जॉइन होतोय, ऑफिस हिंजवडी आयटी पार्कच्या फेज ३ ला. बायकोला पण शिवाजीनगरला एका लॅबमध्ये काम मिळालंय, तिची वेळ ९ ते ५. आम्ही दोघं आणि वर्षातले चार-पाच महिने आई असते. गाडी एकच, अ‍ॅक्टिव्हा. भाडं मेंटेनन्स धरून २० च्या वर नको, कारण गावाकडे घराचा हप्ता चालू आहे. ब्रोकरनी वाकडला टू बीएचके दाखवला ३० ला, म्हणे "सर यापेक्षा कमी मिळणारच नाही". मित्र म्हणतो मारुंजीत घे, ऑफिसला दहा मिनिटांत पोचशील. मॅपवर बघितलं तर वाकड ७-८ किमी आणि रावेत वगैरे १३ च्या आसपास दिसतंय, म्हणजे रावेत बादच ना? इथल्या लोकांनी जरा खरं काय ते सांगा.

भूमकर_चौकातला_भूत
भाऊ पहिलं म्हणजे तो मॅप बंद कर. इथे किलोमीटर कोणी मोजत नाही, चौक किती लागतात ते मोजतात. मी ९ वर्षं वाकडात आहे, फेज २ ला जातो, ६ किमी पण नाही आणि मंगळवारी सकाळी सव्वानऊला निघालो तर ५० मिनिटं धरून चालायची. सोमवार आणि शुक्रवार त्यातल्या त्यात बरे कारण बरेच जण घरून काम करतात, मंगळ-बुध-गुरू मात्र सगळं पुणे एकाच भुयारी रस्त्यातून घुसायला बघतं. ब्रोकर तुला फ्लॅट दाखवायला नेणार रविवारी सकाळी अकराला. रस्ता मोकळा, ऊन छान, आपण खूश. बुधवारी ये, पावणेनऊला हायवेच्या पुलाखाली उभा राहा आणि चहा पीत बघ, तुझं तुलाच कळेल.
आणि हो, "मेट्रो आलीच" म्हणून कोणी भाड्यात दोन हजार वाढवत असेल तर देऊ नको. माण (तुझ्या फेज ३ च्या बाजूचं) ते शिवाजीनगर ती २३ स्टेशनांची लाईन तुमच्या दोघांसाठीच काढल्यासारखी आहे हे खरं, पण तुझ्या दारापासून स्टेशनपर्यंत कसं जायचं ते कोणी सांगत नाही. भाडं आजच्या रस्त्याचं द्यायचं.

मारुंजीचा_माजी
मित्राचं ऐकून मी पण मारुंजीत राहिलोय दीड वर्ष, म्हणून लिहितो. ऑफिसला दहा-बारा मिनिटं हे अगदी खरं, दुपारी जेवायला घरी यायचो. पण हा भाग पिंपरी-चिंचवड मनपात नाही, ग्रामपंचायत आहे, आणि आमच्या सोसायटीत पाणी म्हणजे टँकर. पहाटे साडेपाचला तो रिव्हर्स घेताना टीं टीं टीं वाजायचा, गजर लावायची गरजच नव्हती. एप्रिल-मे मध्ये टँकरचा खर्च वर्गणीत टाकून मेंटेनन्स सरळ दीडपट केला, आणि माझ्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये "मेंटेनन्स भाडेकरूने भरायचा" असं मोघम लिहिलेलं होतं त्यामुळे बोलायची सोयच नाही. केस पण गेले टँकरच्या पाण्यानी, पण ते बहुतेक जाणारच होते.
तुझं ठीक आहे रे, वहिनींचं काय? तिथून शिवाजीनगर म्हणजे आधी हिंजवडीच्या शिवाजी चौकापर्यंत यायचं, मग बस, मग वाकड, बाणेर, विद्यापीठ चौक सगळं पार करायचं. आमच्या हिचा जॉब याच भानगडीत सुटला.

प्राधिकरणातली
मला एक कळत नाही, इथे सगळे फेज ३ पासूनचं अंतर सांगतायत. जॉब दोघांचा आहे ना? मग आधी तिचा रस्ता ठरवा, कारण तुमच्याकडे गाडी एकच आहे आणि ती तुम्ही नेणार हे तुम्ही गृहीतच धरलंय 😀
मी आकुर्डी स्टेशनवरून लोणावळा-पुणे लोकलनी रोज शिवाजीनगरला जाते. आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी, शिवाजीनगर, झालं. साधारण अर्धा तास, पास काढला की महिन्याचा खर्च रिक्षाच्या दोन फेऱ्यांपेक्षा कमी. लेडीज डब्यात सकाळी उभं राहावं लागतं, पण भाजी निवडायला जागा होते इतपत. एकच गोची आहे, दुपारी मोठी गॅप असते, गाड्या नसल्यासारख्याच, त्यामुळे हाफ डे घेतला तर पिंपरीपर्यंत मेट्रो आणि पुढे बस नाहीतर शेअर रिक्षा. तिची वेळ ९ ते ५ आहे म्हणजे जमतंय.
म्हणून रावेत बाद करू नका उलट तिथेच बघा, पण आकुर्डी स्टेशनच्या बाजूचं. मुकाई चौकाच्या पलीकडे गेलात तर स्टेशनला रिक्षा लागते आणि सगळा फायदा गेला. तुम्हाला दुचाकीवर पुनावळे-ताथवडे करत फेज ३ ला पाऊण तास लागेल. तुमचा पाऊण, तिचा पाऊण. आता तुमचे १० आणि तिचे ९० मिनिटं असं चाललंय.

भूमकर_चौकातला_भूत
ताईंचा मुद्दा बरोबर आहे, मी पण फक्त याचाच विचार करत होतो. फक्त पावसाळ्यात ते पुनावळे-ताथवड्याचे हायवेखालचे बोगदे तुंबतात, तेवढं धरून चाल. त्या दिवशी घरून काम.

कागद_आधी
भागाबद्दल सांगून झालंय, मी फक्त कागदाचं सांगतो. लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे भाडेकरार) ११ महिन्यांचं असलं तरी महाराष्ट्रात रजिस्टर करावंच लागतं, "११ महिन्यांना नोटरी चालते" हे ऐकू नका. स्टँप ड्युटी ०.२५ टक्के, म्हणजे १८ हजार भाडं आणि ५० हजार डिपॉझिट असेल तर जेमतेम ५०० रुपये, शहरात नोंदणी फी १०००. घरी येऊन अंगठा घेणारा एजंट त्यावर स्वतःचे लावतो, ते आधी विचारा आणि मालकाशी अर्धे-अर्धे करा. रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का, किती, हे आकडा घालून लिहून घ्या. किल्ली घेतली त्या दिवशी प्रत्येक नळ, गिझर आणि भिंतीच्या ओलीचा व्हिडिओ काढा आणि मालकाला तेव्हाच व्हॉट्सअ‍ॅप करा. मी नव्हता काढला, आधीच्या भाडेकरूनी फोडलेल्या बेसिनचे ४ हजार मी भरले.

लातूरकर_बाबू
आलो बघून, उशिरा लिहितोय सॉरी. बुधवारी खरंच पुलाखाली उभा राहिलो, दोन चहा झाले तरी समोरची एक पांढरी स्विफ्ट होती तिथेच होती. वाकड कॅन्सल. पुनावळ्यात वन बीएचके १५ ला मिळत होता, घर नवीन, हवा मस्त, पण स्टेशन लांब आणि खाली दूध आणायला सुद्धा गाडी काढावी लागेल असं वाटलं, आई आली की तिचं अवघड.
रावेतला आकुर्डी स्टेशनपासून चालत १२ मिनिटांवर एक जुनी सोसायटी आहे, वन बीएचके पण हॉल मोठा, १७ भाडं आणि दीड मेंटेनन्स. लिफ्ट आहे. बायकोनी स्वतः चालून बघितलं, संध्याकाळी सातला पण रस्त्यावर दिवे आणि माणसं आहेत म्हणाली. मेंटेनन्स मालक भरणार असं लिहून घेतोय, भाडं साडेअठरा एकच आकडा. वॉचमनला बाजूला घेऊन पाण्याचं विचारलं तर म्हणाला मनपाचं दिवसाआड येतं, टाकी मोठी आहे, मे महिन्यात चार-पाच टँकर. दिवसाआड म्हणजे काही गडबड आहे का?

प्राधिकरणातली
नाही हो, पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरपासून सगळ्यांनाच दिवसाआड आहे. आणि तुम्ही लातूरचे, तुम्हाला रेल्वेनी पाणी आलेलं माहितीये, तुम्ही कशाला घाबरता 😀

लातूरकर_बाबू
हा हा, बरोबर, २०१६ ला मिरजेहून यायचं. टोकन दिलं मग. सामान लातूरहून टेम्पोनी रविवारी आणायचा विचार आहे, चालेल ना?

कागद_आधी
आधी सेक्रेटरीला विचार. आमच्याकडे रविवारी सामान चढवू देत नाहीत आणि लिफ्ट वापरायचे वेगळे हजार रुपये घेतात. टेम्पो गेटवर उभा राहिला की ड्रायव्हर वेटिंग लावतो.