अनुभव धागा : "मोठे डॉक्टर कधी येणार?"

मी लीड्सजवळ भूलतज्ज्ञ आहे. गेल्या आठवड्यात ऑपरेशनआधीच्या तपासणीला एका आजोबांकडे गेले. नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, दहा मिनिटं त्यांचं हृदय, गोळ्या, कवळी सगळ्याची चौकशी केली. शेवटी आजोबा म्हणाले, "थँक्यू लव्ह. आता डॉक्टरला पाठव." एकोणीस वर्षं हेच काम करतेय. तिथे हसले, घरी पोचेपर्यंत हसू मावळलं होतं.

पेशंटचं सोडा. २०१९ मध्ये जीएमसीने, म्हणजे ब्रिटनमधल्या डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेने, करवून घेतलेल्या अभ्यासात रुग्णालयांचाच हिशेब आला : अल्पसंख्य वंशाच्या डॉक्टरांविरुद्ध मालकांकडून जीएमसीकडे जाणाऱ्या तक्रारींचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त.

रंग, आडनाव, उच्चार यांवरून तुमची डॉक्टरकी कुणी जोखलीय? लिहा. पेशंटच्या बाजूनेही लिहा.

खाणगावची लेक
बाबा १९६८ साली मुंबईहून आले. सर्जन व्हायचं होतं. तेव्हा भारतीय पदवी इथे थेट चालायची (ती मान्यता १९७५ ला गेली), त्यामुळे कागदावर अडचण काहीच नव्हती. तरी वाट्याला यायचे ते म्हाताऱ्यांचे वॉर्ड, मनोरुग्णालयं, नाहीतर इथल्यांना नको असलेली खाणगावं. बाबा वेल्समध्ये रॉन्डाच्या खोऱ्यात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर झाले. सुरुवातीला लोक गोऱ्या पार्टनरसाठी तासभर ताटकळायचे, बाबांची खोली रिकामी. पार्टनर सुट्टीवर गेले की नाइलाजाने आत यायचे. बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "खाली किती वर्षं काढलीत?" फुप्फुसात कोळशाची धूळ बसलेल्यांचे भरपाईचे कागद ते रात्री जेवणाच्या टेबलावर लिहीत बसायचे. हळूहळू रांग आमच्या दाराकडे वळली. निवृत्तीला गाव लोटलं. एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, "बाकीच्या इंडियनांसारखे नव्हते हो तुझे बाबा." मनापासून म्हणाल्या, हेच तर.

सर्जरीचं जाडजूड पुस्तक शेवटपर्यंत त्यांच्या कपाटात होतं.

स्पष्टवक्ता
जरा उलटं बोलतो. सगळंच वर्णद्वेषाच्या खाती टाकू नका. यॉर्कशायरची बोली पहिलं वर्षभर माझ्या डोक्यावरून जायची. पेशंट घाबरलेला असतो. आपला उच्चार कळला नाही तर तो दुसरा डॉक्टर मागणारच.

धागाकर्ती
मग आमच्या रजिस्ट्रारचं काय करायचं? जन्म ब्रॅडफर्डचा, बोली त्या आजोबांइतकीच अस्सल. त्यालाही "इंग्लिश डॉक्टर नाहीत का?" विचारतात.

तिसऱ्यांदा पास
उच्चारावरून आठवलं. जीपी होण्यासाठी तेव्हा एक परीक्षा असायची : तेरा पेशंट, प्रत्येकी दहा मिनिटं, सगळे नट. मी दोनदा आपटलो. औषधोपचारात चूक नाही, 'संवाद' कमी. परदेशात शिकलेल्यांच्या नापासीचं प्रमाण इतकं जास्त होतं की बापिओ ही भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना कोर्टात गेली. २०१४ मध्ये निकाल विरोधात लागला, परीक्षा बेकायदा नाही. पण संघटनेला नैतिक यश मिळालं, असं न्यायाधीशांनीच म्हटलं. ते यश बँकेत काही जमा होईना. तिसऱ्या खेपेला पास झालो. फरक एवढाच, की प्रत्येक वाक्याआधी 'आय वंडर इफ' लावायला शिकलो.

ह्यूस्टनची मावशी
मी डॉक्टर नाही, कबुली द्यायला आलेय. आईच्या छातीत दुखलं म्हणून इमर्जन्सीत नेलं. एक काळी तरुणी आत आली. मी विचारलं, "कार्डिऑलॉजिस्ट कधी येतील?" ती म्हणाली, "आल्या." आई मराठीत कुजबुजली, "अगं, आपल्याकडचं कुणी आहे का बघ ना." आणि मी खरंच विचारलं! तिने शांतपणे सांगितलं, आज ड्यूटीवर मीच आहे. पहाटे आईला स्टेंट बसला, तिनेच बसवला.

२०१६ मध्ये टॅमिका क्रॉस या कृष्णवर्णीय डॉक्टरने लिहिलं होतं, की डेल्टाच्या विमानात मदतीला उठल्यावर आपल्याला 'खरे डॉक्टर हवेत' म्हणून थांबवलं. ती पोस्ट मी संतापून शेअर केली होती. अजून माझ्या भिंतीवर आहे.

आडनाव राखीव
मी परदेश पाहिलेला नाही. मराठवाड्यात दवाखाना आहे. आमच्याकडे रंगाचं काम आडनाव करतं. होस्टेलच्या पहिल्या रात्री नावाआधी 'रँक किती?' आलं. प्रवेशाची यादी वेगळी असते, पास व्हायचे मार्क सगळ्यांना सारखेच, हे सांगून जीभ झिजली. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली, घरच्यांनी जातीवरून छळाची तक्रार केली. आमच्या बॅचच्या ग्रुपवर दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी कुणीतरी सुप्रभातचं फूल टाकलं.

पाटीवर मी फक्त पहिलं नाव लिहितो. काल एक काका आले. बीपी पाहिलं, गोळी बदलून दिली. उठता उठता म्हणाले, "डॉक्टर, आडनाव नाही दिसलं." सांगितलं. चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं, "मोठे डॉक्टर कधी असतात?"

"मंगळवारी या," म्हटलं.

मंगळवारीही मीच असतो.