४९८अ मधून सुटला म्हणजे बाई खोटी?

कर्लीकाठ: काल एकाने लिहिलं की "४९८अ च्या, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमाच्या, बहुतेक केसेस कोर्टात सुटतात, म्हणजे त्या खोट्याच." वाचल्यापासून डोकं फिरलंय. सुटला म्हणजे संशयापलीकडे सिद्ध झालं नाही, एवढंच. नवरा मुंबईला, घरात सासू-दीर, रोज माहेरून पैसे आणण्यावरून छळ, याला साक्षीदार कुठून आणायचा? माझ्या मावसबहिणीचा हात भाजलेला तेव्हा शेजारच्या काकींनी रात्री पडवीत बसवून तिला खोबरेल लावलं. पोलिसांना जबाबही दिला. आणि कोर्टात काय, "माका कायएक म्हायत नाय." फितूर! केस तिथेच गेली.

देवगडवाला: आमचीपण ऐका. माझी लग्न झालेली बहीण नालासोपाऱ्याला राहते, गणपतीत दोन दिवस येते, आमच्या घरावरच्या ४९८अ केसमध्ये ती पण आरोपी. "सर्वांनी मिळून छळ केला," ना तारीख ना प्रसंग. दर तारखेला तुतारी एक्सप्रेस पकडून यायचं तिने. डिसेंबर २०२४ मध्ये दारा लक्ष्मी नारायणा केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय, मोघम आरोपांवर सगळं घर ओढू नका.

काळा कोट: मोघम का होतं? फिर्याद ठाण्यात ठराविक वाक्यांत लिहिली जाते आणि बाई रडत रडत सही करते. मागणी कधी, किती, कोणासमोर हे आधी लिहून न्या. नुसत्या छळाला हे कलम लागत नाही, एकतर बेकायदा मागणी हवी नाहीतर जीव द्यावासा वाटेल किंवा शरीर-मनाला गंभीर इजा होईल असं वागणं. भाजलं, मार लागला तर सरकारी दवाखान्यात "पडले" सांगू नका, तोच कागद पुढे तुमच्यावर उलटतो. व्हॉट्सॲपच्या नुसत्या प्रिंटा चालत नाहीत, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट लागतं, सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या खोतकर-गोरंट्याल निकालात ते पक्कं झालंय. आता ४९८अ ची भारतीय न्याय संहितेत कलमं ८५-८६ झाली, पुराव्याचं दुखणं तेच.

देवगडवाला: आणि त्या काकींना कशाला शिव्या? सातबारा सामाईक, आंब्याच्या कलमांच्या बागेत जायची वाट त्या दिराच्या पडीक जमिनीतून. साक्ष दिली की दुसऱ्या दिवशी वाटेवर गडगा, दगडांची भिंत. एप्रिलात आंबा डोक्यावरून काढणार काय?

कर्लीकाठ: म्हणजे पोरीच्या हातापेक्षा आंब्याची पेटी मोठी! हीच ती तुमची भावकी.

देवगडवाला: तुमची-आमची करू नका. वाट अडवली म्हणून माझ्या वडिलांनी तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट ॲक्टखाली अर्ज केला, चपला झिजल्या. बोलायला सोपं आहे.

काळा कोट: वाटेचा धागा वेगळा काढा राव. पण देवगडवाले, साक्षीदार का फुटतो ते तुम्हीच सांगितलंत. मग सुटली ती केस खोटी कशी?

देवगडवाला: सगळ्या खोट्या असं मी म्हटलंच नाही. ठीक आहे, तुमच्या बहिणीची खरी असेल. पण माझ्या बहिणीचं नाव आमच्या केसमध्ये का, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

कर्लीकाठ: तिचं नाव यायला नको होतं, मान्य. आता त्या काकींनी बोलायला हवं होतं, हेही तुम्ही मान्य करा.