मंडपाला वर्गणी दिली की कारखानदाराचं गावाशी देणं फिटलं का?

मच्छेकर:
गणपतीच्या कमानींवर 'सौजन्य' म्हणून त्याच त्या कारखान्यांची, सराफांची, बिल्डरांची नावं झळकतात. झळकू देत, माझी ना नाही. पण पावती फाडली की गावाचं देणं फिटलं, हा समज आपल्या बेळगावात फार पक्का बसलाय. धंदेवाल्यानं आधी हातातलं नीट करावं. सप्लायरचं बिल वेळेत, कामगाराचा पीएफ वेळेत आणि आपली घाण आपल्या कंपाउंडच्या आत. मग कमान, महाप्रसाद, क्रिकेटचे टी-शर्ट काय द्यायचं ते द्या.

फौंड्रीतल्या, म्हणजे लोखंड ओतायच्या भट्टीतल्या काळ्या वाळूचंच बघा. वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओतून झाला, आतला जॉब, म्हणजे ओतीव भाग थंड झाला की साचा फोडतात. वाळू बऱ्याच वेळा फिरवून वापरतात, पण शेवटी जळून निकामी होते. तिच्यात बेंटोनाइटची चिकणमाती, कोळशाची भुकटी, काही ठिकाणी रेझिन म्हणजे रासायनिक चिकट. ती ट्रॉलीत भरून रात्री कुठल्या तरी नाल्याच्या कडेला ओतायची, आणि पहिल्या वळवाला ती खालच्या भातात उतरते. ज्या बासमतीचं कौतुक आपण पाहुण्यांना सांगतो, त्याच शिवारात. वर त्याच गावच्या देवळाला रंग कारखान्याकडून.

भट्टीवाला:
वाळूवर बोलायला सोपं आहे. मी उद्यमबागेत, आपल्या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, छोटी फौंड्री चालवतो. बिल वेळेत द्या म्हणता, पण आम्हाला कोण देतंय वेळेत? कायद्यानं लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत चुकतं करायला पाहिजे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २००६ चा कायदा आहे, पाठ आहे मला. माझं मोठं गिऱ्हाईक चार-चार महिने पैसे लटकवतं. थकलेल्या बिलाची सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली तर पैसे येतीलही, पण पुढची ऑर्डर राजकोटला नाहीतर कोइमतूरला जाते. तिकडंही भट्ट्या पेटलेल्याच आहेत की. मग मी स्क्रॅपवाल्याला थांबवतो, तो त्याच्या ड्रायव्हरला थांबवतो. शिव्या मात्र मलाच, कारण मी इथला आणि मी दिसतो.

वर्गणी मी हौसेनं देत नाही. पोरं दारात येऊन उभी राहतात. नाही म्हणून बघा एकदा.

ऊसवाला, चिकोडी:
भट्टीवाले साहेब, तुमचं मोठ्या गिऱ्हाइकापुढं चालत नाही, ते समजू शकतो. आमच्याकडं तर साखर कारखान्याचं नावच 'शेतकऱ्यांचा'! ऊस घातल्यावर १४ दिवसांत बिल, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. व्याज मागायला गेलं की बघा तोंडं कशी होतात. २०२५-२६ चा एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. उरलेलंही अडकलं तर सोसायटीचं कर्ज थकीत, पोराची फी थकीत. आणि तेच लोक शाळेला बाक देतात, फोटो पेपरात. बाक नको म्हणत नाही ओ, पण त्या बाकावर बसणाऱ्या पोराच्या बापाचं बिल तेवढं काढा की.

मंडळाचा कार्यकर्ता:
सगळ्यांनी वर्गणीला व्हिलन करून सोडलंय. २०१९ च्या ऑगस्टात गावंच्या गावं पाण्यात होती, तेव्हा जेवणाची पाकिटं, चादरी, टेम्पो कुठनं आले? दुकानदारांकडनं, कारखानदारांकडनं आणि मंडळांच्या पोरांकडनं. ओळख होती म्हणून रात्री फोन करता आला. ती ओळख वर्गणीतनंच होते. कायदा पाळणं हे काय उपकार नव्हेत, बरोबर. पण नुसता कायदा पाळणारा माणूस शेजारी होत नाही.

मच्छेकर:
@कार्यकर्ता, शेजारी व्हायला कोण नको म्हणतंय? पण नाल्यात वाळू टाकून पुरात पाकिटं वाटणारा शेजारी मला नकोच. आणि दारात चार पोरं उभी करून घेतलेल्या पैशाला ओळख म्हणू नका, त्याला दुसरा शब्द आहे.

हिशेबनीस ताई:
मी ऑडिटच्या ऑफिसात काम करते, म्हणून थोडं सांगते. सीएसआर, म्हणजे कंपनीनं समाजासाठी करायचा कायद्यानं सक्तीचा खर्च, सगळ्यांना नाही. कंपनीची नेटवर्थ (देणी वजा जाता मालमत्ता) ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक तरी असावं लागतं. मग आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के. आपल्याकडच्या बहुतेक शेडवाल्यांना ते लागूच होत नाही. गंमत म्हणजे फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च त्यात धरत नाहीत. म्हणजे शाळेला बाक दिला तर वहीत दिसतो, भट्टीजवळच्या माणसाला नीट बूट आणि हातमोजे दिले तर तो आपला साधा खर्च.

आणि भट्टीवाले दादा, इन्कम टॅक्समध्ये १ एप्रिल २०२४ पासून नवीन नियम आलाय. मायक्रो किंवा स्मॉल उत्पादकाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, पैसे दिले त्या वर्षीच मिळतो. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आहे ना? नंबर प्रत्येक बिलावर छापता का? आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी बिलांवर तो नसतो. तक्रार न करता दबाव आणायची हीच एक वाट आहे. फक्त मार्चअखेर जेवढा जोर लागतो तेवढा इतर महिन्यांत लागत नाही, हेही खरं.

भट्टीवाला:
नंबर छापतो ताई. मार्चमध्ये पैसे येतात, एप्रिलपासून पुन्हा रामराम पाव्हणं.

मच्छेकर, तुमचा वाळूचा मुद्दा मी खोडत नाही. रिक्लेमेशनचा, म्हणजे वाळू साफ करून पुन्हा वापरायचा प्लांट एकट्याला परवडत नाही, दहा-पंधरा जणांनी मिळून टाकला तर जमेल. पेव्हर ब्लॉकवालेही वाळू घेतात, पण चाळून, सुकी, त्यांच्या जागेवर पोचवून पाहिजे म्हणतात. ट्रॉलीमागं भाडं मी द्यायला तयार आहे. शेजारच्या शेडवाल्यानं रात्री फुकटात टाकली तर माझा दर त्याच्यापेक्षा चढा बसतो आणि ऑर्डर त्याला. त्याला अडवणार कोण? तुम्ही?

मच्छेकर:
आम्हीच की. ट्रॉली रात्री गावातनंच जाते. ग्रामपंचायतीत विषय घेतो, पण तुम्ही सांगून ठेवा कुठली वाळू कुठल्या ब्लॉकवाल्याकडं जाते ते, म्हणजे चुकून तुमची ट्रॉली धरायला नको.

मंडळाचा कार्यकर्ता:
ट्रॉली धरायला पोरं लागली तर आमची आहेत. पण त्या वर्षी वर्गणी कमी झाली तर भरून कोण देणार, तेही धाग्यावर लिहा.